उजव्या गालाला माईक

१

सकाळी धुकं फाटलं की आमच्या ह्यांचं विमान उडायचं आणि उन्हं चढायच्या आत परत यायचं. तेवढा वेळ मी पत्र्याच्या शेडमध्ये वायरलेसपुढं बसलेली असायची. कानावर हेडफोन, पायाशी बॅटरी, खिडकीतून दिसणारा माळ आणि माळापलीकडं जगलबेटचं रान. हे वरून आमच्या शेडला गावाच्याच नावानं हाक मारायचे, "जगलबेट, जगलबेट, ऐकू येतंय?" मी बटण दाबून म्हणायची, "येतंय. बोला." एवढंच. पण दिवसभरात ह्यांच्या तोंडून माझ्यासाठी निघणारं सगळ्यांत गोड बोलणं मला तेच वाटायचं.

सन अठ्ठावन्नच्या हिवाळ्यातली गोष्ट. मुंबईच्या एका कंपनीनं काळी नदीच्या खोऱ्याची वरून पाहणी करायचं काम घेतलं होतं. त्यासाठी आमच्या सुप्याच्या मुलखात, भाताची कापणी झाल्यावर एक माळ सपाट करून विमान उतरायची पट्टी केली होती. विमान म्हणजे मोटारीएवढंच, दोन माणसांचं. हे मूळचे खानापूरकडचे, लढाईच्या दिवसांत हवाई दलात गेलेले. कंपनीनं ह्यांना शोधून आणलं. विमानाची देखभाल करायला उमाजी नावाचा मेकॅनिक होता. ह्यांच्या उजव्या हाताला नकाशे काढणारे बाबुराव बसायचे. वायरलेसवरचा माणूस हिवतापानं घरी गेला तो परत आलाच नाही, तेव्हा हे म्हणाले, "बायजा, तू बस. सातवी शिकलीयास. बटण दाबायचं आन् बोलायचं, दुसरं काय हाय त्यात?"

हेडफोन कसा घालायचा ते ह्यांनीच शिकवलं. लढाईतला जुना माल. एका कानाच्या वाटीला वाकडी दांडी आणि दांडीच्या टोकाला माईक. दांडी पक्की बसवलेली, फिरायची नाही.

"माईक डाव्या गालाला," हे म्हणाले. "मी डावीकडं बसतो. उजव्या हातानं नकाशा घ्यायचा, पेन्सिल घ्यायची, पाणी प्यायचं. उजवीकडं माईक असला की हाताच्या आड येतो."

"आन् मला कुठं नकाशा घ्यायचाय?"

"तूबी डावीकडंच घाल. दोघांचं सारखं."

दोघांचं सारखं, हे मला फार आवडलं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि ह्यांचं निम्मं मन कायम वर असायचं. तिथं मी कधी गेले नव्हते. कंपनीची माणसं सोडून कुणाला विमानात घ्यायला मनाई होती. बाबुराव उतरले की सांगायचे, "वैनी, आज काळी काय दिसली म्हणून सांगू! नुसती चांदीची तार." मी त्यांच्या पुढ्यात चहाचा कप जरा जोरातच ठेवायची. टक्कल पडलेल्या, पोट सुटलेल्या त्या भल्या माणसावरही मी जळायची. ह्यांच्या शेजारी बसून ते बघतात आणि मी नाही, एवढंच कारण. स्वभावच तसा माझा.

२

संक्रांत झाल्यावर बाबुरावांचं काम संपलं. कॅसलरॉकहून गाडी धरून ते गेले. उरलं होतं ते फोटो काढायचं काम. त्याचा कॅमेरा विमानाच्या पोटात बसवलेला आणि कळ ह्यांच्याच हाताशी. उजवी खुर्ची रिकामी झाली. मला उगीचच बरं वाटलं.

त्याच सुमाराला एकदा हे विमानातून उतरून हेडफोन डोक्यावर तसाच ठेवून शेडकडं आले. मी चहा गाळत होते. मान वर केली आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. चेहरा ह्यांचाच, पण आरशातून बघितल्यासारखा. जरा वेळानं ध्यानात आलं, माईक उजव्या गालाला होता.

"हे काय? उलटा घातलायसा."

ह्यांनी गालाला हात लावला. "आं? मी तर डावीकडंच घातला होता."

"अण्णा, उद्या पायजमाबी उलटा घालशिला," उमाजी म्हणाला आणि आम्ही तिघंही हसलो.

दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्या दिवशी मी विमानापाशी गेले आणि माझ्या हातानं ह्यांच्या डोक्यावर हेडफोन घातला. माईक डाव्या गालाला आणला, पट्टी दाबून बसवली. ह्यांनी लहान पोरासारखी मान पुढं केली होती. विमान गेलं. परत आलं तेव्हा माईक उजवीकडं.

"वर काढला होतासा काय डोक्यावरनं?"

"काढायचा, उलटा करायचा, परत घालायचा... दोन्ही हात लागत्यात गं त्याला. तोवर विमान कुठं जाईल?"

खरंच होतं ते. नकळत होण्यासारखं काम नव्हतं. मग मला आठवलं, बाजारकुणंगच्या रानावरून जाताना हे थोडा वेळ गप्प असतात. मी हाक मारते, उत्तर येत नाही. डोंगर आड येत असेल म्हणून मी ते कधी मनावर घेतलं नव्हतं.

३

दुसऱ्या कुणाच्या मनात पहिल्यांदा भूतबाधा आली असती. माझ्या मनात बाई आली.

कुठंतरी उतरत असतील. एखाद्या गावाबाहेर माळ असेल, तिथं कुणी वाट बघत असेल. हेडफोन काढत असतील, घाईत उलटा घालत असतील. एकदा असं वाटलं की ते सगळं मला डोळ्यांपुढं दिसायला लागलं. तिच्या पायातलं पैंजणसुद्धा.

उमाजीला मी आडून विचारलं. तो डबे धूत होता.

"मधी कुठं उतरणार वैनी? झाडावर? आन् तेल मी भरतो. उतरून परत चढलं तर किती तेल खाईल ठावं हाय? तेवढं जातच न्हाई. सरळ जात्यात, सरळ येत्यात."

त्या दिवशी हे जेवून पडले होते. मी एकटीच विमानापाशी गेले आणि उजवीकडचं दार उघडलं. खुर्चीचं कातडं मधोमध दबलेलं होतं. हात ठेवला तर ऊब लागली. काचेतून ऊन येत असेल, मी स्वतःला सांगितलं. मग वर बघितलं. सकाळपासून आभाळ भरलेलं होतं. इंजिनाची ऊब असेल, असं पुन्हा सांगितलं. पण डावी खुर्ची गार होती.

खुर्चीचा पट्टा मांडीवरून बांधल्यासारखा लावलेला होता. बाबुरावांच्या पोटापायी तो पट्टा शेवटपर्यंत सैल सोडलेला मला ठाऊक होता. त्यावरून उमाजी त्यांची थट्टा करायचा. आता तो आवळलेला होता.

तेवढ्यात उमाजी तेलाचा डबा घेऊन तिकडं आला. "उमाजी, हा पट्टा तू आवळलास काय?"

"न्हाई. बांधून ठेवलाय तेवढा, लोंबू नये म्हणून. लांबी कशाला बदलू?"

तो गेल्यावर मी त्या खुर्चीत बसले आणि पट्टा ओढून बघितला. दोन्ही टोकं माझ्या कमरेवर जुळेनात. श्वास आत ओढला तरी बोटभर अंतर राहिलंच. मी काही जाड नव्हते.

भीती वाटायला पाहिजे होती. ती नंतर वाटली. दोन टोकं दोन हातांत धरून बसले असताना माझ्या मनात आलं ते एवढंच, की ती माझ्यापेक्षा बारीक आहे.

४

मग मी घरातही बघायला लागले. आमचं घर म्हणजे शेडला लागून दोन खोल्या. हे जेवायला बसले की चटईच्या डाव्या कडेला सरकून बसायचे. उजवीकडं एका माणसाची जागा मोकळी. बाजारात जाताना रस्त्याच्या कडेनं चालायचे, उजवीकडं तेवढीच जागा सोडून. मी मुद्दाम त्या बाजूला गेले तर बोलता बोलता पावलं मागं घ्यायचे आणि वळसा घालून मला डावीकडं आणायचे. विचारलं तर म्हणायचे, "मी कुठं काय केलं?"

आणि खूष असायचे. दाढी करताना गुणगुणायचे. भांडण असतं, चिडचीड असती तर मला बरं वाटलं असतं.

एका सकाळी मी वायरलेसपुढं बसले होते. विमान बाजारकुणंगच्या वर पोचलं असेल. नेहमीप्रमाणं सगळं गप्प झालं, नुसती खरखर. मग त्या खरखरीतून ह्यांचा आवाज आला. बारीक, जवळचा. लग्न झालं त्या वर्षी हे माझ्याशी तसं बोलायचे.

"बघ, ती काळी."

माझा ऊर भरून आला. इतक्या दिवसांनी ह्यांना मला काही दाखवावंसं वाटलं. मी बटण दाबलं. "मला हितनं कुठं दिसणार?"

खरखर. मग हे म्हणाले, पण मला नव्हे, "थांब जरा हं. जगलबेट बोलवतंय." आणि लगेच कामाच्या आवाजात, "हां जगलबेट, बोला."

माझा अंगठा बटणावर तसाच राहिला.

"काही न्हाई," मी म्हटलं.

हेडफोन काढून मी हातात धरला. दांडीकडं बघत राहिले. डावीकडं माईक म्हणजे खिडकीच्या बाजूला, एकट्या माणसाचा. उजवीकडं घेतला तर तो दोन खुर्च्यांच्या मधे येतो. शेजारचं माणूस जरा पुढं वाकलं, गालाला गाल लागेल इतकं, तर दोघांनाही त्यात बोलता येईल.

हे उतरले तेव्हा मी चहा ठेवला नव्हता.

"'थांब जरा' कुणाला म्हटलासा?"

"कधी?"

"आता. वर. 'बघ, ती काळी' कुणाला दाखवलासा?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. हे खोटं बोलले की ह्यांची नजर खाली जाते. ती गेली नाही. खोटं बोलत असते तर किती सोपं झालं असतं.

"बायजा, वर मी एकटाच असतो. एकट्या माणसाचं तोंड चालत असंल आपोआप. तू न्हाईस कोंबड्यांसंगट बोलत?"

बोलत होते मी. क्षणभर मला ते पटलंही.

"मग उद्या मी येते. त्या खुर्चीत मी बसते."

"कंपनीचं लोक..."

"कंपनी मुंबईत हाय. मला नेलं न्हाई तर तुमचं यंत्र तुम्हीच सांभाळा."

हे विमानाकडं बघत राहिले. मग अगदी सहज, दमल्यासारखं म्हणाले, "जागा न्हाई गं."

म्हणाले आणि स्वतःच दचकले. चेहरा उतरला. मान हलवून म्हणाले, "बरं. ये."

५

सकाळी मी हिरवं लुगडं नेसले. वायरलेसपुढं उमाजीनं बसायचं ठरलं होतं. हे येण्याआधीच मी विमानात जाऊन बसले. पट्टा माझ्या हातानं सैल केला, कमरेवर बांधला. बाबुरावांचा हेडफोन मागं अडकवलेला होता, तो घातला. माईक डाव्या गालाला. मी उजवीकडं बसले होते, म्हणजे तो दोघांच्या मधे आला. मला तेच पाहिजे होतं.

हे आले, चढले, काही न बोलता कळा लावायला लागले. माझ्याकडं बघितलं नाही. रागावलेत, मी म्हटलं. रागावू देत.

विमान उचललं आणि एकाएकी सगळं खाली राहिलं. शेड काड्याच्या पेटीएवढी. धुक्यातून वर आलेले डोंगर. उळवीच्या वाटेवर जत्रेच्या बैलगाड्या मुंग्यांसारख्या. आणि मग काळी दिसली. बाबुराव खरं सांगत होते. मला रडू आलं. मी माईकमध्ये म्हटलं, "केवढं हो हे! मला कधी सांगितला न्हाईसा." ह्यांनी उत्तर दिलं नाही. इंजिनाचा आवाज फार होता.

बाजारकुणंगचं रान आलं. खाली घर नाही, शेत नाही, नुसती झाडी. मी समोर बघायचं सोडून ह्यांच्या हेडफोनवर नजर रोखली. ह्यांचे दोन्ही हात कामात होते. माईक डाव्या गालाला, पलीकडं. झाडी मागं पडत गेली. काही झालं नाही. माझ्या खुर्चीत मी होते, दुसऱ्या कुणाला जागाच नव्हती. मी जिंकले होते. मला हसू आलं.

तेव्हा कानात आवाज आला.

"जगलबेट ऐकतंय. बोला."

बाईचा आवाज होता. उमाजी नव्हे. बोलण्याचा तो सुप्याकडचा हेल, शेवटचा शब्द जरा ओढायची ती खोड मी ओळखली. आपला आवाज आपल्याला बाहेरून कधी ऐकू येत नाही म्हणतात, पण आला की कळतो.

ह्यांचा चेहरा उजळला.

"बायजा, काय करालीस?"

"तुमची वाट बघते. कोण हाय काय बरोबर?"

ह्यांनी मान उजवीकडं वळवली. मी होते तिथं बघितलं. मी ह्यांच्या डोळ्यांत बघत होते, आणि ते डोळे माझ्यातून पलीकडच्या काचेकडं, काचेपलीकडच्या रानाकडं गेले.

"न्हाई गं," हे म्हणाले. "एकटाच हाय."

मी ओरडले. माईकमध्ये ओरडले, कानाशी तोंड नेऊन ओरडले. ह्यांचा दंड दोन्ही हातांनी धरला. ह्यांनी शहारल्यासारखं केलं, दंड झटकला आणि आपल्या बाजूची काच लावून घेतली.

"बेगी ये, पुंडलिक," कानातली बाई म्हणाली.

ते नाव मी लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर कधी नाही. नवऱ्याला असं नुसत्या नावानं, अरेतुरेनं हाक मारणं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. हे मोठ्यानं हसले. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले.

६

विमान उतरलं. पट्टीच्या टोकाला वळताना शेडची खिडकी समोरून गेली. माझ्या खुर्चीवर कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. अंबाडा दिसला. हेडफोन दिसला, आणि उजव्या गालाकडून पुढं आलेली दांडी. ती उठायला लागली तेवढ्यात पंख आड आला.

हे उतरून कागद गोळा करत राहिले. मी पट्टा सोडून उडी टाकली. उमाजी तेलाच्या पिंपापाशी उभा होता. मला बघून त्याच्या हातातला पाना खाली पडला.

"वैनी... तुम्ही इमानातनं?"

"तुला आत बसायला सांगितलं होतं न्हवं?"

"गेलो होतो की. दारातच तुमचा आवाज ऐकला. म्हटलं वैनींचं जाणं ऱ्हायलं दिसतंय. म्हणून भायेरच थांबलो." त्यानं शेडकडं बघितलं. "मग भितरी कोण हाय?"

मी पळत गेले. आत कुणी नव्हतं. टेबलावर हेडफोन होता आणि त्याची वायर अजून हलत होती. मागच्या दाराची कडी आतून लावलेली. बाहेर ह्यांची पावलं वाजली, तशी मी त्या खुर्चीवर बसले. का बसले, मला सांगता यायचं नाही. कुणी बसायच्या आत बसावं, असं झालं.

हे दारात उभे राहिले. लग्नाच्या वर्षी कधीतरी बघितलेला चेहरा होता तो.

"बरं झालं आली न्हाईस," हे म्हणाले. "वर वारं वाईट होतं." मग आत आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आज तू माझं नाव घेतलंस."

मला सांगता आलं असतं. कमरेवर पट्ट्याचा वळ होता, तो दाखवता आला असता. उमाजी दारात उभाच होता, तो साक्षीला होता. पण सांगितलं असतं तर ह्यांना कळलं असतं की नाव घेणारी दुसरी होती. मग हा चेहरा तिचा झाला असता. मग ह्यांनी तिची वाट बघितली असती, माझ्या देखत, उघड. आतापर्यंत निदान ह्यांना ठाऊक तरी नव्हतं.

"व्हय," मी म्हटलं. "मीच घेतलं."

उमाजी माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं खुंटीवरची टोपी काढली आणि तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी कामावर आला नाही.

दुसऱ्या दिवशी हे एकटेच उडाले. विमान धुक्यात शिरलं. मी दाराला कडी घातली, खुर्ची भिंतीला टेकवून घेतली, म्हणजे मागं कुणाला उभं राहता येऊ नये. हेडफोन घातला. बाजारकुणंगच्या आधीच ह्यांचा आवाज आला.

"जगलबेट, जगलबेट, ऐकू येतंय?"

"येतंय. बोला."

"बायजा, नाव घे की परत."

लाज वाटली. पण ही हाक माझी होती, कालच्या खोट्यानं मी ती माझी करून घेतली होती. ओठांवर नाव आणलं. अंगठा बटणाकडं नेला. अजून बटण दाबलं नव्हतं, तोच कानात माझा आवाज म्हणाला, "पुंडलिक."

हे हसले. "अजून एकदा."

"पुंडलिक."

मी बटण दाबलं, दोन्ही अंगठ्यांनी दाबलं, आणि मी पण म्हटलं. मोठ्यानं, किंचाळून, परत परत म्हटलं.

वर जरा वेळ खरखर झाली.

"बायजा," हे म्हणाले, "मधी कोण बोलतंय गं?"

"कुणी न्हाई," माझ्या आवाजात उत्तर गेलं. "मी एकटीच हाय हितं."